भिंतीसाठी विटकरी की केतकी?

घर रंगवायला काढले, की ‘रंग जरा उबदार हवा’ एवढ्यावर घरातल्यांचे चटकन एकमत होते आणि खरी ओढाताण तिथून पुढे सुरू होते. कारण उबदार या एका विशेषणाखाली शेड कार्डावर जे रंग येतात, त्यांचे स्वभाव एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. आमच्याकडे ही ओढाताण दोन रंगांवर येऊन थांबली. एक विटकरी, म्हणजे भाजलेल्या मातीचा तांबूस, भरीव रंग. आणि दुसरा केतकी, म्हणजे पांढऱ्याकडे झुकलेला, अंगात जेमतेम पिवळेपणा असलेला फिकट रंग. दोन्ही उबदार आहेत यात शंका नाही, दोन्ही मला आवडतात, आणि तरीही एकाच खोलीला ते अगदी विरुद्ध वळण देतात. त्यांची तुलना करताना ‘यांतला अधिक उबदार कोणता’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही, असे माझे मत झाले आहे. ऊब भिंतीवरच राहते, की भिंतीवरून निघून खोलीभर पसरते, हे पाहणे जास्त उपयोगाचे आहे. विटकरी रंग पहिल्या प्रकारचा आणि केतकी दुसऱ्या प्रकारचा. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय, दिव्यांपासून दरवाजाच्या चौकटीपर्यंतचे, या एका फरकातून निघतात.

गंमत अशी, की हे दोन रंग मुळात एकाच घराण्यातले आहेत. माती पिवळी दिसते ती तिच्यातील गोथाइट या लोहखनिजामुळे आणि तांबडी दिसते ती हेमेटाइटमुळे. गोथाइटच्या रचनेत पाण्याचा अंश असतो. पिवळी माती काही शे अंशांपर्यंत तापवली, की तो निघून जातो आणि तिचे रूपांतर तांबड्या मातीत होते. इटलीतील सिएना शहराच्या नावाने ओळखली जाणारी माती चित्रकार कच्ची आणि भाजलेली अशा दोन्ही रूपांत वापरत आले, आणि या दोन रूपांतले अंतर साधारण तेच आहे, जे आपल्या दोन भिंतींमध्ये आहे; फरक एवढाच, की केतकी रंगात पिवळ्या मातीचा अंश अगदी थोडा आणि पांढरा भरपूर असतो. दक्षिण आफ्रिकेतील ब्लोम्बोस गुहेत माणसाने गेरू कुटून शिंपल्यात कालवल्याचे सुमारे १,००,००० वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत, तेव्हा या घराण्याचा माणसाशी असलेला संबंध जुना आहे. आजच्या डब्यातील लोहरंग बहुधा कारखान्यात तयार केलेला असतो, पण त्याचे गुण तेच: उन्हाने तो सहसा विटत नाही आणि नव्या चुन्या-सिमेंटच्या भिंतीतील क्षारही त्याला बाधत नाहीत. फिकट पिवळ्याच्या बाबतीत मात्र एक खबरदारी घ्यावी. तो जर तेज, लिंबोळी अंगाचा असेल, तर त्यात लोहरंगाऐवजी सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रसायनांपासून केलेला, पिवळा रंग वापरलेला असण्याची शक्यता असते. त्या जातीचे सगळे रंग उन्हाला आणि क्षाराला सारखेच टिकत नाहीत. मातकट अंगाचा केतकी निवडणे म्हणूनच शहाणपणाचे आहे, आणि माझ्या डोळ्यांना तो दिसतोही अधिक चांगला.

घराणे एक असले, तरी दोघांतला विरोध ठसठशीत आहे आणि तो रंगछटेपेक्षा उजळपणाचा आहे. रंगाचे वर्णन करताना छटा, उजळपणा आणि भरदारपणा या तीन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात, अशी पद्धत अमेरिकी चित्रकार आल्बर्ट मन्सेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बसवली, आणि शेड कार्डासमोर गोंधळ उडाला की मला तिचा फार उपयोग होतो. तांबूस आणि पिवळसर या छटा तिच्या वर्तुळावर एकमेकींच्या शेजारी आहेत. उजळपणाच्या शिडीवर मात्र विटकरी मधल्या पायरीच्या आसपास असतो आणि केतकी जवळजवळ वरच्या टोकाला. रंगांच्या कंपन्या हाच गुण दुसऱ्या आकड्याने सांगतात. भिंतीवर पडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के परत येतो, तो हा परावर्तनाचा आकडा, आणि बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात किंवा संकेतस्थळावर तो शेडच्या नावापुढे दिलेला असतो. विटकरी रंगांचा आकडा सामान्यतः १५ ते २५ च्या दरम्यान सापडतो आणि केतकीच्या जातीतल्यांचा ७० ते ८० च्या दरम्यान. यात डोळ्यांना चकवणारी एक गोष्ट आहे. आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या अगदी मधोमध वाटणारा रंग प्रत्यक्षात जेमतेम २० टक्के प्रकाश परत करतो. त्यामुळे हातातल्या कार्डावर विटकरी ‘मध्यम’ वाटतो, पण भिंतीवर चढला, की पडलेल्या प्रकाशाचा चार पंचमांश तो गिळून टाकतो. डोळ्यांचा अंदाज इथे फसतो, म्हणून आकडा पाहिल्याशिवाय गडद रंगाबद्दल बोलूच नये, असे मी म्हणेन.

याचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच अशी एक खोली घ्या. दारे-खिडक्या बाजूला ठेवल्या, तर तिच्या एकूण पृष्ठभागापैकी सुमारे ५८ टक्के भाग भिंतींचा असतो आणि उरलेला छत व जमीन यांत निम्मा निम्मा वाटला जातो. छत पांढरे, म्हणजे ८५ टक्के परत करणारे, आणि जमीन ३० टक्के परत करणारी धरली, तर भिंती ७५ टक्क्यांच्या केतकी असताना खोलीचे सरासरी परावर्तन ६८ टक्क्यांच्या आसपास येते आणि भिंती २० टक्क्यांच्या विटकरी असताना ते ३६ टक्क्यांच्या आसपास येते. प्रकाश एकदाच परतून थांबत नाही. तो या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून छतावर असा फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा कमी होतो. या सगळ्या फेऱ्यांची बेरीज केली, तर तोच दिवा केतकी खोलीत मूळ प्रकाशाच्या साधारण तिप्पट काम करतो आणि विटकरी खोलीत दीडपट. म्हणजे सारख्याच दिव्यांत एक खोली दुसरीच्या निम्म्याने उजळणार. डोळ्यांना हा फरक निम्म्याइतका जाणवत नाही हे खरे, पण सुईत दोरा ओवायला बसले की जाणवतो. ‘विटकरी लावला आणि खोली कोंदट झाली’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ रंगात शोधण्याआधी दिव्यांच्या संख्येत शोधावे. भिंत गडद करायची आणि दिवा मात्र छताच्या मधोमध एकच ठेवायचा, हे जमत नाही.

परतणारा प्रकाश नुसता परतत नाही, तो भिंतीचा रंग अंगाला लावून परततो. ऊब राहते कुठे आणि पसरते कुठे, हा फरक इथे दिसतो. केतकी भिंतीजवळच्या टेबलावर पांढरा कोरा कागद ठेवा आणि दुपारी नीट पाहा: भिंतीकडची कड किंचित पिवळसर दिसते, खिडकीकडची तशी दिसत नाही. फळीच्या खालच्या बाजूला, पडद्याच्या चुण्यांत, बसलेल्या माणसाच्या भिंतीकडच्या गालावर तोच हलका पिवळेपणा उतरतो. भिंत स्वतः फारशी नजरेत भरत नाही, पण खोलीतल्या सगळ्या वस्तूंना तिचा स्पर्श झालेला असतो. विटकरी भिंत परत करते तो प्रकाशच इतका थोडा असतो, की तिची तांबूस झाक छताच्या कडेला हातभर उतरते आणि संपते. उलट भिंत स्वतः मात्र डोळ्यांत भरते. माणूस आत शिरला की आधी भिंत पाहतो, मग खुर्ची.

या पसरण्याचा एक परिणाम केतकी निवडणाऱ्यांना हमखास गाठतो. समोरासमोरच्या दोन पिवळसर भिंती एकमेकींवर पिवळसर प्रकाश टाकतात आणि तो दर फेरीत अधिक पिवळा होत जातो. कार्डावर जेमतेम पिवळा वाटलेला रंग चारही भिंतींवर चढला, की कोपऱ्यांत चांगलाच पिवळा दिसू लागतो, तो याच कारणाने. म्हणून या जातीत आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकट, आणि शक्यतो एक पायरी मातकट, शेड घ्यावी. विटकरीत असे नाटक कमी घडते. त्याचा प्रकाश फार फेऱ्या मारण्याइतका उरतच नाही, त्यामुळे कार्डावर जो दिसला, बराचसा तोच भिंतीवर दिसतो. फक्त कोपऱ्यांत तो आणखी गडद होतो.

खिडकीची दिशा हा यापुढचा विषय, आणि त्याबद्दल सल्ले इतके देऊन झाले आहेत की मी थोडक्यात सांगतो. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन फारसे येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर प्रकाश. प्रकाश किती पिवळसर की निळसर, हे रंगतापमानाने सांगतात; केल्विनमधला हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर. निरभ्र आकाशाचे रंगतापमान १०,००० केल्विनच्याही वर जाऊ शकते, तर भर दुपारच्या उन्हाचे ते ५,५०० च्या आसपास असते. निळसर प्रकाशात केतकीचा पिवळेपणा मावळतो आणि तो कधी कधी हिरवट, आजारी दिसतो. अशा खोलीसाठी निवडायचाच असेल, तर लिंबोळी अंगाचा टाळून किंचित तांबूस अंगाचा घ्यावा. विटकरीला या प्रकाशात तांबड्याचे खाद्य कमी मिळते, त्यामुळे तो तपकिरीकडे झुकतो, पण बिघडत नाही. थेट ऊन येणाऱ्या खोलीत चित्र उलटे होते: केतकी भिंत दुपारी डोळे दिपवू शकते आणि विटकरी भिंत उन्हाच्या पट्ट्यात अशी काही पेटून उठते, की तेवढा अर्धा तास तिच्यावरून नजर हटत नाही. एक खुलासा इथेच करून टाकतो. आतल्या भिंतीच्या रंगाने खोलीचे तापमान बदलत नाही. छताचा किंवा बाहेरच्या भिंतीचा रंग उन्हाची उष्णता किती शोषायची हे ठरवतो, ती गोष्ट निराळी. आत मात्र ऊब ही डोळ्यांपुरतीच असते.

खरा निकाल संध्याकाळनंतर लागतो, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कारण शेड कार्ड आपण दिवसा पाहतो, दुकानाच्या पांढऱ्याफटक दिव्याखाली पाहतो आणि घरी मात्र जागेपणीचा बराच वेळ दिव्यांत काढतो. दिवा घेताना खोक्यावर रंगतापमान लिहिलेले असते. २,७०० केल्विनचा दिवा पिवळसर, ४,००० चा मध्यम आणि ६,५०० चा निळसर पांढरा. निळसर पांढऱ्या दिव्याखाली हे दोन्ही उबदार रंग वाया जातात, याबद्दल दुमत होणार नाही. पण पिवळसर दिवा लावला म्हणजे काम झाले, असेही नाही, आणि विटकरीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

बहुतेक एलईडी दिव्यांत निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावर पिवळा लेप असतो. दोन्ही मिळून जो पांढरा प्रकाश होतो, त्यात गडद तांबड्याचा वाटा तुटपुंजा असण्याचा धोका असतो. दिवा रंग कितपत खरे दाखवतो हे सांगणारा एक निर्देशांक बऱ्याचदा खोक्यावर छापलेला असतो, सीआरआय या नावाने. त्याची कमाल १०० आणि साध्या दिव्यांत तो ८० च्या आसपास. हा आकडा आठ नमुना रंगांची सरासरी असतो आणि ते आठही रंग सौम्य असतात. भरदार तांबडा हा नमुना यादीत नववा येतो, सरासरीत तो धरलेलाच नसतो. त्यामुळे ८० चा दिवा या नवव्या रंगात शून्याच्या जवळपासही असू शकतो आणि तरी खोक्यावर काही खोटे लिहिलेले नसते. अशा दिव्याखाली विटकरी भिंत ओल्या पुठ्ठ्यासारखी दिसते: तांबूसपणा गेला, उरला तो नुसता गडदपणा. भिंत तीच, रंग तोच, दिवा बदलून निर्देशांक ९० च्या पुढचा आणि ‘आर ९’ चा, म्हणजे या नवव्या रंगाचा, आकडा ५० च्या वरचा घेतला, की भिंतीत जीव येतो. केतकीला या बाबतीत फारशी झळ पोहोचत नाही, कारण त्याच्यात गमावण्याजोगा तांबडा अंश फार थोडा असतो. पिवळसर दिव्याखाली तो आणि साधा पांढरा यांतला फरकच जवळपास पुसला जातो. हवे तर हा त्याचा दोष समजावा, हवे तर सोय. रात्रीही भिंतीने आपले अस्तित्व दाखवावे अशी अपेक्षा असेल, तर केतकी ती पूर्ण करत नाही.

दिवे लावण्याआधीची कातरवेळ हा आणखी एक प्रसंग. प्रकाश मंदावत जातो तसतशी आपल्या डोळ्यांची संवेदनशीलता तांबड्या टोकाकडून निळसर-हिरव्याकडे सरकते. उजेडात ती ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते, अंधारात ५०७ च्या आसपास. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याचे वर्णन केले आणि तो परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. घरात त्याचा अर्थ असा, की संध्याकाळी सर्वांत आधी विझते ती विटकरी भिंत. खोलीतल्या हिरव्या रोपाची पाने अजून दिसत असतात आणि त्यामागची भिंत मात्र काळपट झालेली असते. केतकी भिंत शेवटपर्यंत उजेड धरून ठेवते. ज्या खोलीत दिवा उशिरा लावायची सवय असेल, तिथे ही गोष्ट रोज जाणवणार.

आता शेजारच्या रंगांविषयी. १८३९ मध्ये मिशेल-यूजीन शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात याचे नियम मांडले. ते पॅरिसमधील गोबलँ येथील गालिचे विणण्याच्या सरकारी कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तिथे काळ्या धाग्याचा काळेपणा पुरेसा नसल्याची तक्रार आली, तेव्हा दोष धाग्यात नसून त्याच्या शेजारच्या रंगांत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. विटकरी भिंतीवर हा नियम रोज पाहायला मिळतो. तिच्यावरचा पांढरा स्विचबोर्ड पाहा: मूळचा तो निव्वळ पांढरा, पण भोवतीच्या तांबूसपणामुळे निळसर-हिरवट झाक मारतो आणि भिंतीवर चिकटवलेल्या पट्टीसारखा सुटा दिसतो. पांढऱ्या चौकटी आणि पांढऱ्या पट्ट्यांचेही तेच होते. विटकरीशेजारी म्हणून शुभ्र पांढरा नको. हस्तिदंती किंवा मोतिया पांढरा घ्यावा, आणि छतालाही तोच द्यावा. केतकी भिंतीवर याच्या नेमके उलट घडते. तिथे हस्तिदंती चौकट मळकी वाटते, स्वच्छ पांढरी चौकट मात्र भिंतीचा पिवळेपणा उठवून दाखवते. म्हणजे दोन रंगांसाठी दोन वेगळे पांढरे लागतात, आणि हा खर्चाचा नसला तरी लक्षात ठेवण्याचा भाग आहे.

लाकडाबाबत माझे मत जरा कडक आहे. तांबूस पॉलिश केलेले लाकूड आणि विटकरी भिंत हे एकमेकांना खाऊन टाकतात. कपाट भिंतीत विरघळते आणि दोघांचीही शान जाते. फिकट, पिवळसर लाकूड किंवा अगदी काळपट लाकूड विटकरीपुढे उठून दिसते. केतकीसमोर मात्र तांबूस लाकूड शोभते आणि फिकट लाकूड फिके पडते. हिरव्या आणि निळ्या वस्तू दोन्हीकडे चालतात, विटकरीकडे अधिकच, कारण निळसर-हिरवा हा त्याचा विरोधी रंग. त्या भिंतीपुढे एक हिरवे रोप ठेवले, तर दुसऱ्या सजावटीची फारशी गरज उरत नाही.

गडद रंगाने खोली लहान दिसते, हे वाक्य इतके रुळले आहे की कोणी तपासून पाहायला जात नाही. माझा अनुभव असा, की गडद रंगाने खोलीच्या सीमा जवळ येत नाहीत, त्या अस्पष्ट होतात. कोपरे काळोखात गेल्यावर भिंत नेमकी कुठे संपते ते डोळ्यांना उमगत नाही. लहान, कमी वापराच्या किंवा मुख्यतः रात्री वापरायच्या खोलीत हा गुणच ठरतो. जिला खुबीनेही प्रशस्त दाखवता येणार नाही, अशी खोली तिच्या लहानपणासह चारही बाजूंनी विटकरी करून टाकावी, ती नेटकी आणि दाट दिसते. याउलट, एकच भिंत गडद आणि बाकीच्या तीन फिकट ही जी पद्धत सर्रास चालते, ती मला पटत नाही. तीन केतकी भिंतींचा भरपूर प्रकाश एका विटकरी भिंतीवर पडतो, ती पाठीमागे जाण्याऐवजी पुढे येते आणि लांबट खोलीच्या शेवटी लावलेल्या फलकासारखी वाटते. दोन्ही रंग घरात हवेच असतील, तर ते दोन खोल्यांना वाटून द्यावेत. याला अपवाद खोल कोनाड्याचा. त्याच्या आतल्या तिन्ही बाजू विटकरी केल्या, तर तो खरोखर खोल दिसतो.

प्रत्यक्ष रंगकामात हे दोन रंग अगदी वेगळे वागतात, आणि ते रंगाऱ्याशी बोलण्याआधी ठाऊक असलेले बरे. फिकट शेड ज्या पांढऱ्या बेसमध्ये कालवतात, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य भरपूर असते. झाकण्याची ताकद त्याची. गडद शेडच्या बेसमध्ये ते फार थोडे असते किंवा नसतेच, आणि झाकण्याचे सगळे काम घातलेल्या रंगावर येऊन पडते. विटकरीच्या सुदैवाने लोहरंग झाकतो चांगला, तरी पांढऱ्या प्रायमरवर थेट दोन हात मारले, तर रोलरच्या कडा दिसत राहतात. प्रायमरमध्येच थोडा तांबूस किंवा करडा टिंट घालून घेतला, की दोन हातांत काम उरकते. ओल्या आणि वाळलेल्या रंगातला फरकही विटकरीत जास्त दिसतो. इमल्शनमधला चिकट घटक ओला असताना दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून भिंत वाळता वाळता गडद होते. पहिल्या तासात ‘हा आपण निवडलेला रंग नव्हेच’ म्हणून रंगाऱ्याला थांबवू नये.

पुढे वापरताना मॅट विटकरी भिंत नाजूक असते. नख, खुर्चीची पाठ, भिंतीला टेकवलेली सायकल, काहीही घासले की पांढुरकी रेघ उठते, आणि ती ओल्या फडक्याने पुसायला गेले की त्या जागी चकाकता डाग तयार होतो. भिंतीत ओल असेल, तर क्षाराचे पांढरे फुलोरेही विटकरीवर लांबून दिसतात. केतकीवर हे सगळे झाकले जाते, पण स्विचभोवतीचे हातांचे डाग, पंख्याची काजळी आणि पाण्याचे तपकिरी ओघळ मात्र तिच्यावर उघडे पडतात. मधला मार्ग म्हणजे विटकरीसाठी किंचित चमक असलेला, धुता येणारा रंग. पण चमक वाढली, की पुट्टीतले उंचसखल दिसू लागते, गडद रंगात तर जास्तच. तिरप्या प्रकाशात भिंतीला डोळा लावून पाहावे. लाटा दिसत असतील, तर आधी घासकाम, मग चमकीचा विचार. केतकी भिंत मॅट ठेवली, तर तिच्यात बारीक दोष सहज जिरतात.

नमुना पाहण्याची एक रीत मला उपयोगी वाटते. भिंतीवरच ठिगळे लावण्याऐवजी हाताच्या लांबीएवढ्या जाड पुठ्ठ्यांवर दोन दोन हात मारावेत, कडेने बोटभर पांढरी पट्टी सोडावी आणि पूर्ण वाळू द्यावे. मग ते पुठ्ठे भिंतीला उभे टेकवून, एकदा खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि एकदा खिडकीच्याच भिंतीवर, सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर पाहावेत. दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवू नयेत. विटकरीशेजारी केतकी आहे त्यापेक्षा फिकट दिसतो आणि केतकीशेजारी विटकरी आहे त्यापेक्षा उग्र, आणि निर्णय खोलीसाठी न होता त्या जोडीसाठी होतो. पुठ्ठा आडवा जमिनीवर ठेवून पाहण्यातही अर्थ नाही, कारण भिंतीवर प्रकाश वरून नाही, बाजूने येतो.

माझी विभागणी शेवटी अशी ठरली. दिवसा वापरायच्या, एकत्र बसायच्या आणि बारीक काम करायच्या खोलीला केतकी. संध्याकाळनंतर उघडणाऱ्या अभ्यासिकेला चारही बाजूंनी विटकरी, आणि तिथे मधल्या दिव्याऐवजी भिंतीलगतचे तीन-चार मंद, पण निर्देशांक चांगला असलेले दिवे. कोणाला विचार पुढे कधी बदलण्याची शक्यता वाटत असेल, तर त्यांनी केतकीपासून सुरुवात करावी. त्याच्यावर विटकरी चढवणे सोपे असते, तर विटकरीवर केतकी आणायचा म्हणजे आधी प्रायमरचा एक हात आणि बहुधा वरच्या रंगाचा एक जादा हात ठरलेलाच.

राहता राहिला तो दोन खोल्यांमधला दरवाजा, कारण दोन्ही रंग एका नजरेत येतात ते तिथेच. रंग बदलण्याची रेघ भिंतीच्या बाहेरच्या धारेवर कधीच सरळ येत नाही, ती नेहमी आतल्या कोपऱ्यात घ्यावी. आमच्या दरवाजाला चौकट भिंतीच्या एका अंगाला बसवलेली आहे, त्यामुळे भिंतीची जाडी अभ्यासिकेच्या बाजूला उघडी पडते. ती विटकरी केली, चौकट त्या बाजूने हस्तिदंती ठेवली, आणि रेघ चौकटीच्या कडेला आपोआप लपली. दार बंद असताना ज्या खोलीकडून ते दिसते, त्या खोलीच्या चौकटीचाच पांढरा दाराच्या त्या बाजूला द्यायचा, एवढे रंगाऱ्याला आधी सांगून ठेवावे लागते, नाहीतर तो दोन्ही बाजू एकाच डब्यातून उरकतो.